दगड गावात आणला, देव रानातच राहिला

(वनहक्क मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळ कमी होता म्हणून बोलताना जे राहून गेलं, ते लिहिताना घातलं आहे.)

मायबापहो, मावश्यांनो, मामांनो, आणि मागं लिंबाखाली उभ्या असलेल्या आमच्या सोबत्यांनो,

आम्हाला दाव्याच्या कागदांवर बोला असं सांगितलं होतं. आम्ही कागदांवरच बोलणार आहोत, पण सुरुवात देवापासून करणार आहोत. कुणी म्हणेल, संघटनेच्या मेळाव्यात देव कामून काढता? मेळाव्यात जमिनीचं बोलावं, देवाचं घरी बघावं. आम्हीसुद्धा आधी असंच म्हणत होतो. तसं म्हणत म्हणत आमच्याकडून एक चूक झाली. ती चूक सांगितली तर बाकीच्या गावांना उपयोगी पडेल, म्हणून उभे राहिलो.

आमच्या गावापासून कोस दीड कोसावर रानात एक वघळ आहे. वघळीच्या कडंला झरा आहे. झऱ्यावर उंबर, अन् वरच्या अंगाला बेहड्याचं जुनं झाड. त्या बेहड्याखाली वाघोबा होता आणि झऱ्याच्या काठाला साती आसरा. वाघोबा म्हणजे शेंदूर लावलेला एक मोठा धोंडा. आसरा म्हणजे सात लहान गोटे. देऊळ नाही, घंटा नाही, पुजारी नाही. आखाडीला गाव तिथं जायचं. जनावर रानात घालण्याआधी गुराखी तिथं नारळ फोडायचा. बाळंतीण उठली की बाया तिला घेऊन झऱ्यावर जायच्या. नवस फिटला की कंदुरी तिथंच, तीन दगडांच्या चुलीवर. आंध, हटकर, बौद्धवाड्यातली माणसं, तांड्यावरची माणसं, सगळी जेवायला एकाच रानात बसायची.

आम्ही चार बुकं शिकलो, बारावी झालो, हिंगोलीला जाऊन आलो. आजूबाजूच्या गावांत मंदिरं बघितली. फरशी, रंग, कळस, लाऊडस्पीकर. आणि आमचा देव बघितला तर उघड्यावर, पावसात, पालापाचोळ्यात. आम्हाला लाज वाटली. खरं सांगायचं तर देवाची नाही, आमचीच लाज वाटली. आम्ही पोरांनी पट्टी गोळा केली. ट्रॅक्टर लावला. वाघोबाचा धोंडा आणि आसरांचे सात गोटे टॉलीत घातले, बाजा लावला, गुलाल उधळला आणि देव गावात आणला. सिमेंटचा ओटा केला, वर पत्रे टाकले, मग भिंती घातल्या. पाटी रंगवायला माणूस बोलावला. त्यानं विचारलं, नाव काय लिहू? आम्ही म्हणालो, वाघोबा. तो म्हणाला, हे काही बरं दिसत नाही. त्यानंच एक नाव सुचवलं आणि पाटी लागली : श्री व्याघ्रेश्वर महादेव मंदिर.

त्या दिवशी आमच्यातल्या एकाची आजी ओट्यापाशी आली. टॉली बघितली, गोटे बघितले. म्हणाली, "लेकरांनो, दगूड आनले तुमी. आसरा पान्यात ऱ्हाती. पानी आनलं का टॉलीत?"

आम्ही हसलो. म्हातारी आहे, म्हटलं.

पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो. पाटीवर महादेव लिहिला म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, महादेवापुढं बकरं कसं चालंल? कंदुरी बंद झाली. कंदुरी बंद झाली तशी तांड्यावरची आणि बौद्धवाड्यातली माणसं येईनाशी झाली. मग म्हणाले, मंदिरात बायांनी अमुक दिवशी येऊ नये. रानात असं कुणी बोललं नव्हतं. तिथं तर बाळंतिणीच देवाकडं जायच्या. मग चोरी होईल म्हणून दाराला कुलूप लागलं आणि किल्ली एका घरी गेली. ज्या देवाला कधी दार नव्हतं त्याला आम्ही कुलूप लावलं.

आणि रानात? रानात बेहड्याखाली जागा मोकळी झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिथं रोपवनाचे खड्डे पडले. आम्हाला पत्ता नाही. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांनी येऊन सांगितलं. आम्ही तिथं गेलो, म्हणालो, साहेब, ही आमच्या देवाची जागा आहे. साहेब म्हणाले, दाखवा देव कुठं आहे. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. देव उचलून आम्हीच आणला होता.

ही झाली आमची चूक. आता यातून जो प्रश्न उभा राहिला तो असा, की देव बदलतो का? आणि बदलला तर तो देव राहतो का? आमच्यातले काही म्हणायला लागले, जुनं होतं तसंच ठेवायला पाहिजे होतं, काहीच बदलायला नको होतं. काही म्हणाले, जग बदलतं, देवानंही बदलावं, त्यात एवढं काय? आम्ही शिबिरात हा प्रश्न घेतला, जाणत्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं. तेव्हा कळलं की दोन्ही बोलणी अर्धीच आहेत.

देव बदलतात, मायबापहो. कायमच बदलत आलेत. आपल्या डोळ्यापुढचं बघा. मरीआई ही पटकीची देवी. पटकीनं गावं बसायची तव्हा मरीआईचा गाडा शिवेपर्यंत नेऊन सोडायचे. आता पटकीला सलाईन आहे, औषध आहे. पण मरीआई गेली का? नाही. आता तिला पाऊस मागतो, पोराची नोकरी मागतो. अंगावर फोड यायचे त्या रोगाला तर आपण 'देवी'च म्हणायचो. भारतातला तिचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, देवी आहे. तिचं काम बदललं.

पेरणीला आणि रास करताना शेतात पाच खडे मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. नाव महाभारतातलं, खडे आपल्याच बांधावरचे. आपण कंदुरी म्हणतो तो शब्द फारसीतला आहे, पीर-दर्ग्याच्या जेवणावरून आपल्याकडं आला आणि आसराच्या झऱ्यावर जाऊन बसला. मोहरमच्या सवाऱ्यांपुढं नाचणारे कोण होते? आपलेच आजे-पणजे. त्यात कुणाचा देव बाटला नाही.

मोठ्या देवांचंही तसंच. खंडोबाला एक बायको म्हाळसा, वाण्याची, आणि दुसरी बाणाई, धनगराची. म्हणजे देवाच्या लग्नातून दोन समाज सोयरे झाले. पंढरीच्या विठोबावर रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं नावच 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. त्यांचं म्हणणं असं, की विठोबा मुळात गवळी-धनगरांचा, गुरंढोरं राखणाऱ्यांचा देव. नंतर तो वैष्णवांचा झाला, संतांचा झाला, साऱ्या महाराष्ट्राचा झाला. म्हणजे आज ज्याच्यापुढं लाखो माणसं चालत जातात तो देवसुद्धा एकेकाळी रानामाळातल्या गुराख्यांचा होता.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे मोठे विद्वान. ते पुण्याभोवतीचे डोंगर पायानं फिरले. कुठल्या टेकडीवर कोणता शेंदराचा दगड आहे, कुठं म्हसोबा आहे, कुठं आई आहे, ते बघत फिरले. अशा जागांच्या आसपास त्यांना दगडाची फार जुनी लहान लहान हत्यारं सापडली. लोखंड यायच्या आधीच्या माणसांची. त्यांनी हे १९६२ साली पुस्तकात मांडलं. त्यांना दिसलं ते असं, की हे देव जुन्या वाटांवर बसलेले आहेत. जनावरं हिंडवत माणसं ज्या वाटांनी जायची, बाजाराला ज्या वाटांनी जायची, त्या वाटा जिथं मिळतात तिथं देव आहे. कागद नव्हता, सातबारा नव्हता, तव्हाचा नकाशा म्हणजे हे दगड.

आता आपल्या औंढ्याकडं बघा. औंढा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांतला एक मानतात. दगडात कोरलेलं केवढं मोठं देऊळ, पण पिंड कुठं आहे? खाली, जमिनीच्या पोटात. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. आणि नावात नाग आहे. आणि नामदेव महाराजांची गोष्ट इथं कुणाला माहीत नाही? नामदेव आपल्याच नरसीचे, जातीनं शिंपी. त्यांना कीर्तन करताना देवळापुढून उठवलं, मागं जा म्हणाले. ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. म्हणून नंदी मागच्या अंगाला राहिला, असं आपले लोक सांगतात. देऊळ फिरलं की नाही यावर आम्ही वाद घालत नाही. आम्हाला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. देवापुढं कुणी बसायचं आणि मागं कुणी जायचं, हे भांडण आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या देवळाच्या गोष्टीत सातशे वर्षं जिवंत आहे. आणि लोकांनी निकाल कुणाच्या बाजूनं दिला? हाकलून दिलेल्याच्या. त्याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कयाधूच्या काठचा माणूस पंजाबात पोचला.

बाहेरच्या देशांतही असंच झालं. आयर्लंड नावाचा देश आहे, तिथं ब्रिगिड नावाची जुनी देवी होती. ख्रिस्ती धर्म आला तव्हा त्याच नावाची संतीण झाली. तिचा सण १ फेब्रुवारीला, आणि तिच्या नावाच्या विहिरींवर आजही माणसं जातात, झाडाला चिंधी बांधतात. आपण बेहड्याला बांधतो तशीच.

तर देव बदलतो, यात काही पाप नाही. नाव बदलतं, काम बदलतं, शेजारी बदलतात. मग आमची चूक काय झाली?

यासाठी मेलेल्या देवांकडं बघावं लागतं. कारण देव मरतातही.

इजिप्त देशात हजारो वर्षं मोठमोठी देवळं होती. देवळांना जमिनी होत्या, पुजारी होते, चित्रांची लिपी होती. पुढं राज्य ख्रिस्ती झालं, एकेक देऊळ बंद पडलं. एक देऊळ मात्र टिकलं. नाईल नदीतल्या फिली बेटावरचं इसिस देवीचं. त्या चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख तिथलाच आहे, इसवी सन ३९४ चा. बाकीची देवळं बंद पडल्यावरही हे एक शंभर-सव्वाशे वर्षं जास्त चाललं. का चाललं? भिंती मजबूत होत्या म्हणून नाही. आसपासच्या वाळवंटातली, डोंगरातली टोळ्यांची माणसं त्या देवीकडं येत राहिली. राजानं त्यांच्याशी तहच केला होता, की तुम्हाला देवीकडं येऊ देऊ. सहाव्या शतकात ते येणं बंद पाडलं आणि देवी संपली.

पुढची गोष्ट आणखी आपल्या जवळची आहे. नाईलवर आस्वानचं मोठं धरण झालं. देऊळ पाण्यात जाणार म्हणून जगभरातून पैसा आला. देवळाचा दगड न् दगड नंबर घालून उचलला आणि शेजारच्या उंच बेटावर पुन्हा जसाच्या तसा बसवला. १९८० साली ते काम पुरं झालं. एकही दगड हरवला नाही म्हणतात. पण तिथं पूजा करायला कुणी नाही. तिकीट काढून बघायला जातात. आणि त्याच धरणानं नुबियन लोकांची गावंच्या गावं बुडाली. त्यांना असं नंबर घालून कुणी जपून उचललं नाही. इसापूर धरणाच्या पाण्याकाठच्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आम्ही ही गोष्ट ऐकली तव्हा आम्हाला आमची टॉली आठवली. आम्हीही दगड जसाच्या तसा आणला होता. एकसुद्धा गोटा हरवला नव्हता.

आम्हाला जे समजलं ते साध्या शब्दांत सांगतो. देव दगडामुळं टिकत नाही. माणसं त्या जागी जातात, तिथं काही काम करतात, म्हणून टिकतो. झऱ्यावर बाळंतीण जाते, गुराखी नारळ फोडतो, सगळ्या वाड्यांची माणसं एका जागी जेवतात. त्या कामातून रान कुणाचं, पाणी कुणाचं, हे दर वर्षी नव्यानं ठरतं. ते काम चालू ठेवून नाव बदललं तर देव वाढतो. ते काम तोडून नाव मोठं केलं तर देव उरत नाही, फक्त इमारत उरते. आणि बदल कुणी ठरवला हेही बघायला लागतं. आमच्या देवाचं नाव कुणी बदललं? ग्रामसभेनं नाही, म्हाताऱ्या माणसांनी नाही, बायांनी तर नाहीच. पाटी रंगवणाऱ्यानं बदललं आणि आम्ही माना डोलावल्या.

आता कागदावर येतो.

वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे, सुधारणा २०१२ ची. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. पण वनहक्क कायदा लागू आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. कुणी साहेब 'तुमच्याकडं चालत नाही' म्हणाला तर ऐकू नका. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी नकाशे तर आहेतच. पण त्याच यादीत विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा लिहिल्या आहेत. सामूहिक वनासाठी पवित्र झाडं, देवराया, तळी, नदीकाठ, मसणवटा, चराईच्या जागा, कंदमुळं गोळा करायच्या जागा लिहिल्या आहेत. आणि दावेदार सोडून गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब, हाही पुरावा धरलेला आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

म्हणजे कोसंबी पायानं फिरून जे सांगत होते, की जिथं देव आहे तिथं माणसाची वाट होती, ते आता कायद्याच्या नियमात आलं आहे. आपल्यात कुणी सभेत सांगतं, आपण आंध म्हणजे सातवाहन राजांचे वारस. असतील बाबा. पण दाव्याला राजा लागत नाही. दाव्याला झरा लागतो, वाट लागते, चूल लागते.

आमच्या गावचा सामूहिक दावा तयार करताना जागेची पाहणी झाली. आम्हा पोरांच्या पोटात गोळा आला होता. देव तर गावात. रानात काय दाखवणार?

तव्हा बाया पुढं झाल्या. त्या म्हणाल्या, चला आमच्या मागं. आम्हाला तोवर माहीत नव्हतं, की आम्ही देव आणल्यापासूनही त्या रानात जातच होत्या. मंदिरात जाऊन नमस्कार करायच्या आणि मोहफुलाला, लाकडाला म्हणून निघाल्या की झऱ्यावर दिवा लावायच्या. वाट मोडलीच नव्हती. पायानं घासून घासून झालेली ती वाट उंबरापर्यंत स्वच्छ दिसत होती. झऱ्यापाशी चुलीचे तीन दगड, धूर खाऊन काळे ठिक्कर. नारळाच्या करवंट्यांचा ढीग, खालच्या कुजून माती झालेल्या. बेहड्याच्या सालीत शेंदूर मुरलेला, झाड वाढलं तसा तो सालीबरोबर ताणला गेलेला. आणि जिथं वाघोबाचा धोंडा होता तिथल्या खडकाला खोलगट बूड पडलेलं. रोपवनाचा एक खड्डा त्याच्यापासून चार पावलांवर. सगळं पंचनाम्यात लिहिलं. नकाशावर खूण केली. तीन म्हाताऱ्या आणि दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, अंगठे घेतले.

जबाब लिहिताना त्या आजीनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती नवी नवरी होऊन आली त्या सुमाराला वघळीला मोठा पूर आला होता. आसरांचे सातही गोटे वाहून गेले. मग काय केलं, आम्ही विचारलं. ती म्हणाली, "काय करावं? पानी उतरल्यावर बायांनी वघळीतूनच दुसरे सात इचकून घेतले. तिच्याच पान्यातले."

म्हणजे ज्या गोट्यांना जुने म्हणून आम्ही टॉलीत घातलं, बाजा लावून आणलं, ते गोटेसुद्धा पहिले नव्हतेच. दगड आधीही बदलला होता. पण बायांनी बदलला होता, त्याच पाण्यातून, त्याच जागी. ते ऐकून आम्ही गप्प झालो.

मग ग्रामसभा झाली. रात्री बसली ती कोंबडं आरवेपर्यंत चालली. काही पोरं म्हणाली, धोंडा परत रानात नेऊ. काही म्हातारी माणसं म्हणाली, आमच्यानं आता दीड कोस चालवत नाही, देव दाराशी आला ते बरं झालं, आता तो नेऊ नका. दोघांचंही खरं होतं. कुणी कुणाला देवाचा द्रोही म्हटलं नाही, हे विशेष. ठरलं ते असं : वाघोबाचा धोंडा गावात राहील. पाटीवर खाली मोठ्या अक्षरात वाघोबा लिहायचं. कुलूप काढायचं. आणि आखाडीला बायांनी वघळीतून सात गोटे निवडून झऱ्यावर मांडायचे, बेहड्याखाली जुन्या बुडात नवा धोंडा ठेवायचा. कंदुरी रानातच करायची, सगळ्या वाड्यांना सांगून. ठराव लिहिला. आम्ही भीत होतो की एका गावात दोन वाघोबा कसे चालतील. आजी म्हणाली, "वाघाला एकच जाळी असती का?"

दावा अजून मंजूर नाही. उपविभागीय समितीकडं पडून आहे. आम्ही इथं जिंकल्याची गोष्ट सांगायला उभे नाही. पण फाइलीत आता आमच्या देवाचं खरं नाव आहे, जागेसकट.

अशी फाइल किती वजनाची असते ते ओडिशातल्या भावांनी दाखवलं. तिथं नियमगिरी डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला नियमराजाचं ठिकाण मानतात. त्या डोंगरात बॉक्साइट निघालं, मोठी कंपनी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ ला न्यायालयानं सांगितलं, तिथल्या लोकांच्या देवाच्या हक्काला धक्का लागतो का हे ग्रामसभांनी ठरवावं. सरकारनं बारा गावं निवडली. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. लोकांना सांगत होते, तुमच्या देवाचं ठाणं तर खाणीपासून लांब आहे. लोक म्हणाले, देव एका शेंड्यावर बसलेला नाही, सगळा डोंगर त्याचा आहे. त्यांनी जर आमच्यासारखं नियमराजाला टॉलीत घालून खाली आणलं असतं, तर ग्रामसभेला बोलायला काय उरलं असतं?

आणि लांब कशाला, आपण निजामाच्या राज्यात होतो तव्हा आदिलाबाद आपल्याच राज्यात होतं. तिथं केसलापूरला मेस्राम कुळाच्या गोंडांची नागोबाची जत्रा पुष्य महिन्याच्या अमावास्येला भरते. मेस्राम माणसं पायी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्यानं देवाची पूजा होते. आता तिथं पक्कं देऊळ आहे, दुकानं आहेत, साहेबलोक येऊन दरबार भरवतात, तक्रारी ऐकतात. एवढं सगळं बदललं. चालणं मात्र सोडलेलं नाही. म्हणून तो देव त्या कुळाच्या हातातून गेला नाही.

तर मायबापहो, आमचं मागणं थोडं आहे. पुढच्या ग्रामसभेच्या आत प्रत्येक गावानं एवढं करावं.

रानातला, माळावरचा, नदीकाठचा एकेक देव मोजा. मरीआई, म्हसोबा, सटवाई, आसरा, वाघोबा, मुंजा, पीर, सगळे. बौद्धवाड्याच्या, तांड्याच्या माणसांच्या रानातल्या जागाही लिहा, कारण सामूहिक दावा एकट्या जातीचा नसतो. जुनं नाव आधी लिहा, नवं नाव पडलं असेल तर ते शेजारी लिहा. नव्याची लाज नको आणि जुन्याची तर नकोच नको.

तिथं जायची वाट नकाशावर काढा. पाणी कुठं आहे, चूल कुठं पेटते, झाड कोणतं, ते लिहा. हे बायांना विचारून लिहा, कारण पुरुषांना अर्ध्याच जागा माहीत असतात, हे आम्ही आमच्या गावात बघितलं. कायद्यानंही ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत निदान एक तृतीयांश बाया लागतात. त्या नुसत्या सहीला येऊ देऊ नका, वाट दाखवायला पुढं घाला.

ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांचा जबाब आधी घ्या. यंदाच घ्या. पुढच्या साली घेऊ म्हणालात तर काहींचा राहून जाईल. आमच्या पाच जबाबांतलं एक माणूस आता नाही.

आणि कुणी देऊळ बांधून देतो म्हणून पैसे घेऊन आलं तर एकदम हो म्हणू नका, एकदम नाही पण म्हणू नका. ग्रामसभेत बसून तीन गोष्टी विचारा. किल्ली कुणाकडं राहणार? कोण येऊ शकणार आणि कोण नाही? आणि देव जिथं आहे तिथली जागा मागं कुणाच्या हातात जाणार? उत्तर पटलं तर बांधा, आमचं काही म्हणणं नाही.

आखाडीला आमच्या गावच्या झऱ्यावर कंदुरी आहे. वाट आता मोकळी आहे, पण वघळीत पाणी असलं तर वरच्या अंगानं या. सगळ्यांना आवतण आहे. येताना आपापल्या गावच्या देवांची यादी घेऊन या. जेवणं झाली की तिथंच बसून कागद भरू.

जिंदाबाद.